रामोजी फिल्म सिटीत एकटी: दोन रात्री, तीन दिवस (सोलापूरहून)

कापूसकोंडी – सोमवार, रात्री १०:५२

आधीच सांगते, यात बिर्याणी, चारमिनार, मोत्यांची दुकानं वगैरे काही नाही. दिवाळीनंतर मी एकटी हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत (सिनेमाचे सेट आणि पाळणे आहेत ती) जाऊन राहिले, तेवढंच आहे. आल्यापासून जो तो एकच विचारतो, "एकटी? आणि करमलं?" प्रत्येकाला वेगळं सांगून तोंड दुखलं, म्हणून इथं एकदाच लिहून मोकळी होते.

मी सोलापूरची, पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळा मराठी, धंद्यात हिंदी आणि उधारी मागायला थोडं कन्नड. शाळेचे गणवेश शिवायचा आमचा छोटा कारखाना आहे, बारा मशिनी. जानेवारी ते जून मान वर करायला फुरसत नसते, त्यामुळे सुट्टी काय ती दिवाळीनंतर. यंदा बहीण, मेहुणे, त्यांची दोन पोरं आणि मी असं ठरलं होतं. आमच्या ह्यांना गोल फिरणारं काहीच चालत नाही, बॉबिन भरताना बघूनही गरगरतं, म्हणून ते पहिल्यापासूनच नाहीत. निघायला चार दिवस उरले आणि बहिणीच्या धाकट्याला कांजिण्या आल्या. ती म्हणाली पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, मी जाऊन येते.

सासूबाई मायाळू आहेत, पण म्हणाल्या, "एकटीच जायचं तर तुळजापूरला जाऊन ये की." आता बघा, अक्कलकोटला मी दर महिन्याला एकटी जाते. पंढरपूरला जाते. डब्यात काय नेतेस, याच्यापलीकडं कुणी काही विचारत नाही. पण पाळण्यात बसायला एकटी जाते म्हटल्यावर घर असं गप्प झालं, की मी कारखानाच विकायला काढलाय. ह्यांनी मात्र स्टँडवर आणून सोडलं. पोचल्यावर फोन कर म्हणाले आणि शेंगाचटणीची पुडी हातात दिली.

एस.टी.नं गेले. नळदुर्ग, उमरगा, मग कर्नाटकात हुमनाबाद, मग तेलंगणात जहीराबाद, संगारेड्डी. तीन राज्यं, सहा-सात तास. आपला पुणे-सोलापूर-हैदराबाद रस्ता, म्हणजे ६५ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग (जुनी माणसं अजून ९ नंबरच म्हणतात), पुढं विजयवाड्यावरून थेट मछलीपट्टणमला समुद्राशी जातो. फिल्म सिटी त्याच रस्त्याला आहे, हैदराबादच्या पलीकडच्या अंगाला. म्हणजे आमच्या घरामागून जो रस्ता जातो तोच. मधे फक्त हैदराबाद आडवं पडलंय. ते ओलांडायला मियापूरला उतरायचं आणि मेट्रोच्या लाल लाईननं या टोकापासून त्या टोकापर्यंत, एल. बी. नगरला जायचं. तिथून बस किंवा रिक्षा, हयातनगरच्या पुढं.

गेटवरच्या खिडकीत पोरगा स्क्रीनकडं बघतच बोलला.
"कितने लोग?"
"एक."
"प्लस?"
"प्लस कुछ नहीं."
त्यानं मान वर केली. शेजारची पोरगी त्याला हळूच म्हणाली, "ओक्कते वच्चिंदट, पापम." एकटीच आलीय म्हणे, बिचारी. महाराष्ट्रातली बाई, हिला काय कळतंय, असा हिशोब. मी म्हटलं, "पापम एम लेदु, ना पैसलतो वच्चिना." बिचारी-बिचारी काही नाही, माझ्या पैशानं आलेय. ती अशी लाजली की तिचीच कीव आली. पण त्यानंतर तिनं नकाशावर पेनानं खुणा करून दिल्या, काय सकाळी बघा आणि काय ऊन उतरल्यावर. तीन दिवस तोच कागद वापरला.

जागा केवढी आहे ते सांगून कळत नाही. १,६६६ एकर. जगातला सगळ्यात मोठा स्टुडिओ म्हणून गिनेसमध्ये नोंद आहे. १९९६ साली सुरू झाला. आपली गाडी आत नेता येत नाही, त्यांच्या बसमधून फिरायचं, बसमध्ये गाईड. माझ्या बसमध्ये लातूरकडची चौदा माणसांची एक अख्खी पंगत होती, आजीपासून तान्ह्यापर्यंत. एक नवं जोडपं. आणि मी. तिसऱ्या थांब्यापर्यंत माझ्या ध्यानात आलं, की एकटं माणूस दिसलं की लोकांना भिंतीत खुंटी सापडल्यासारखं होतं. "ताई, जरा धरता का?" दिवसभरात माझ्याकडं तीन पर्स, एक पाण्याचा कॅन, एका आजोबांची कवळी (डबीत!) आणि दहा मिनिटं एक झोपलेलं बाळ होतं. लोकांचे फोटो किती काढले ते मोजलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तिथं विमानतळ आहे, ज्याच्या दुसऱ्या बाजूला म्हणे दवाखाना. रेल्वे स्टेशन आहे, त्याची पाटी गोष्टीप्रमाणं बदलायची. विलायती गल्ली आहे. देऊळ आहे, गाभाऱ्यात मूर्ती नाही. सिनेमात जो देव असेल तो आणून बसवायचा. बाहुबलीची माहिष्मती आहे. गाईड प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटं द्यायचा. सगळे पुढून फोटो काढायचे. माझा फोटो काढायला कुणी नाही आणि मला कुणाचा काढायचा नाही, म्हणून मी मागं जायचे.

धंद्याची सवय आहे ती. कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायचं. सुलट बाजू कुणीही चांगली करतं. मागं काय, तर लोखंडी अँगल, प्लायवूड, कुठं पोती, खडूनं लिहिलेले आकडे, टोकं न कापलेले खिळे. पुढून तीन मजली हवेली, मागून सुताराची शिडी. दगडी बुरुजावर बोटानं टकटक केलं तर डब्यासारखा आवाज. आपली सोलापुरी चादर जॅकार्ड मागावर दुहेरी विणतात, नक्षी दोन्हीकडं, फक्त रंग उलटे. आज ही बाजू, उद्या ती. या इमारतींना एकच बाजू. पण मला खरं सांगायचं तर ती मागचीच जास्त बघावीशी वाटली. कुणी तरी तिथं उभं राहून हिशोब केलाय, की कॅमेरा इथपर्यंतच बघणार, म्हणजे पैसा इथपर्यंतच घालायचा. पंचवीस वर्षं कटिंगच्या टेबलाशी मी हेच करतेय, कॉलरच्या आत काय कापड लावलंय ते कोणता हेडमास्तर बघतो?

सिनेमा कसा करतात ते दाखवायचा एक खेळ आहे. प्रेक्षकांतून एक बाई पाहिजे म्हणाले. बाकीच्या बायकांच्या पदराला कुणी ना कुणी लोंबकळत होतं. मी उठले. घोडा नसलेल्या टांग्यात बसवलं, हातात लगाम, मागं एकरंगी पडदा, टांगा गदागदा हलवत होते. ओरडा म्हणाले. ओरडले. मग प्रेक्षकांतल्याच काही जणांनी टापांचे आणि चाकांचे आवाज काढले, सगळं जोडून पडद्यावर दाखवलं. झाडं मागं पळतायत आणि मी टांगा हाकतेय. लातूरच्या आजी केवढ्यानं टाळ्या वाजवत होत्या! मी मात्र पडद्याचं कापड चिमटीत धरून बघितलं, राहवलंच नाही.

संध्याकाळी शेवटचा कार्यक्रम झाला की दिवसाची गर्दी निघून जाते. तुम्ही आतल्या हॉटेलात राहत असाल तरच हे बघायला मिळतं. पाच वाजता जिथं उभं राहायला जागा नव्हती, तिथं आठ वाजता रातकिडे. जेवायला गेले तर चौघांचं टेबल. वेटरनं एक ताटली उचलली, माझ्याकडं बघितलं. दुसरी उचलली, बघितलं. तिसरी उचलली. चौथीला हात घालायच्या आत मी खुर्चीत बसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला कंटाळा आला. खोटं कशाला बोलू. पक्षी बघून झाले, फुलपाखरं झाली, बोन्साय बघितली, आता हे कुणाला तरी सांगावं असं वाटलं आणि सांगायला शेजारी कुणी नाही. बहिणीला फोन लावला. ती पोराला कडुलिंबाच्या पाण्यानं पुसत होती. दोन मिनिटांत ठेवला. मग एका बाकावर चटणी-चपाती खाल्ली आणि पाळण्याच्या रांगेत उभी राहिले. माझ्या शेजारची जागा रिकामी, म्हणून मागच्या कुटुंबातली पाच-सहा वर्षांची पोरगी माझ्याजवळ बसवली. वर जाताना तिनं विचारलं, "आप किसकी मम्मी हो?" म्हटलं, एक भैया की, वो पुणे में पढ़ता है. "उसको क्यों नहीं लाए?" म्हटलं, वो बड़ा हो गया. ती जरा विचार करून म्हणाली, "आप नहीं हुए?"

बाकी विचारा. जमेल तसं लिहीन.

सुगरण_नसलेली – सोमवार, रात्री ११:२०

"प्लस कुछ नहीं" ला मोठ्यानं हसले, नवरा उठला. कवळी!! फोटो टाका की ताई. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

होटगीकर – मंगळवार, सकाळी ७:०५

लिहिलंय छान. पण राग मानू नका, मला पटलं नाही. देवळात एकटं जावं, दवाखान्यात एकटं जावं लागतं, पण जत्रा ही एकट्याची गोष्टच नाही. गड्ड्यात (आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत) एकटा हिंडणारा माणूस दिसला की आम्ही खिसा चाचपायचो. पाळण्यातून खाली येताना पोटात गोळा येतो तेव्हा शेजारच्याचा दंड धरायचा असतो, त्याचेच तर पैसे. तुम्ही स्वतःच लिहिलंय की दुपारी तीनला फोन लावावा लागला. मग?

पक्का_सोलापुरी – मंगळवार, सकाळी ८:४०

होटगीकर, सकाळी सकाळी काय करलालास बे, चहा तरी पी आधी. ताई, लई भारी. मी मागच्या वर्षी बारा जणांत गेलो होतो तिथंच. काय बघितलं म्हणून विचारशील तर सांगतो: भाचीची चप्पल तुटली ती, साडूचा मोबाईल हरवला तो, आणि जेवायच्या हॉलची रांग. देऊळ होतं हे मला आत्ता कळतंय.

कापूसकोंडी – मंगळवार, दुपारी २:१५

होटगीकर, राग कसला. दंड धरायची मजा मलाही माहिती आहे. पण गड्ड्याचं काढलंत म्हणून सांगते. लहानपणी आम्ही अकरा जण जायचो. सिद्धेश्वराच्या देवळात दर्शन, मग होम मैदानावर. अकरा जणांत सगळ्यात जो भित्रा असायचा तो काय बघायचं ते ठरवायचा. मोठी आत्या म्हणायची, मौत का कुआँ नको, पोरं घाबरतात. पोरं कुठली, तीच घाबरायची. त्या लाकडी विहिरीच्या फळ्यांवरून मोटरसायकल फिरताना खालपर्यंत थरथर जाणवते, ती बाहेर उभं राहून तळपायाला लागायची. आत काय चाललंय ते मी पहिल्यांदा बघितलं लग्न झाल्यावर, तेही ह्यांना बाहेर उभं करून.

तीन वाजता कंटाळा आला, बरोबर. बारा जणांत असते तर कंटाळा आला नसता, डोकं दुखलं असतं.

पक्का_सोलापुरी – मंगळवार, दुपारी २:३१

मौत का कुआँ!! आईशप्पथ. आणि त्याच्या शेजारी तो आरशांचा तंबू. आणि गड्ड्यातनं येताना घ्यायची ती भेंडबत्ताशाची पुडी.

चिंचपेटी – मंगळवार, दुपारी ३:१०

आम्ही गड्ड्याला जायचो ते शोभेच्या दारूकामासाठी. मिरवणुकीतल्या उंच काठ्या, सातही नंदीध्वज, पहिल्यांदा जवळून बघितले ते बाबांच्या खांद्यावरून. सॉरी, विषयांतर.

कापूसकोंडी ताई, मला खरा प्रश्न आहे. मी २९, पंढरपूरची, नोकरी सोलापुरात. अजून एकदाही एकटी मुक्कामी कुठं गेले नाही. रात्री भीती वाटली का? आणि घरी काय सांगितलंत?

धागा_सांभाळणारा – मंगळवार, दुपारी ३:४५

गड्ड्यासाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. (मीपण लिहीन तिथं.)

कापूसकोंडी – मंगळवार, रात्री ९:३०

चिंचपेटी, घरी जे खरं ते सांगितलं. खोटं सांगून गेलं की सगळी सहल ते खोटं सांभाळण्यात जाते.

भीती आत नाही वाटली. आत ठिकठिकाणी पहारेकरी असतात, हॉटेलपर्यंत त्यांचीच बस सोडते. धाकधूक झाली ती जाताना-येताना. म्हणून अंधार पडायच्या आत फाटकाच्या आत पोचायचं, एवढा एकच नियम ठेवला होता. सोलापूरहून सकाळी लवकरची एस.टी. धरली तर आरामात जमतं. परतताना एक रात्र शहरात थांबायचं डोक्यात होतं. एका लॉजवर फोन केला तर पलीकडचा म्हणाला, एकट्या लेडीजला देत नाही, कोणी जेंट्स आहे का बरोबर? नाव लिहीत नाही, काय करायचंय. फोन ठेवला आणि आतच एक रात्र वाढवली. एकूण दोन रात्री झाल्या त्या अशा.

खोलीत गेल्यावर पहिल्यांदा कडी लावून-काढून बघ. तीही धंद्याचीच सवय म्हण, माल घेतला की टाके ओढून बघायचे.

लोलक – मंगळवार, रात्री १०:०२

मेकॅनिकल माणूस म्हणून चार शब्द. एकट्याने पाळण्यात बसण्याबद्दल.

जत्रेतला आकाशपाळणा भरताना पाळणेवाला समोरासमोरच्या खोक्यांत माणसं बसवत जातो. एका बाजूला वजन जास्त झालं की मोटर आणि ब्रेक दोन्हींवर ताण येतो. त्यामुळे एकटा माणूस त्याला नकोसाच, कुठं तरी घुसवावा लागतो. ताईंच्या शेजारी ती पोरगी बसवली त्याचं कारण बहुतेक वेगळं असेल (लहान मुलासोबत मोठं माणूस लागतं), पण सगळीकडं एकटा माणूस शेवटी भरतीला उपयोगी पडतो. परदेशात डिस्नेच्या पार्कात तर काही राईड्सना एकट्यांची वेगळी रांग असते. चौघांच्या डब्यात तिघं बसले की उरलेल्या जागी या रांगेतला एक. एकटा माणूस पुष्कळदा कुटुंबाच्या आधी बसून येतो.

अजून एक. दोघांत एकच आडवा दांडा असेल तर तो जाड माणसाच्या मांडीवर टेकतो आणि बारक्या माणसाच्या मांडीवर फट राहते. एकटे असाल तर दांडा तुमच्याच मापाचा.

मात्र मोठे रोलरकोस्टर हवे असतील तर रामोजी ही त्याची जागा नाही. हैदराबादलाच रिंग रोडजवळ रावीर्यालला वंडरला आहे, २०१६ पासून. आपल्याकडं खोपोलीजवळ इमॅजिका, २०१३ पासून. तिथल्या नायट्रोला पायाखाली तळच नाही, पाय लोंबकळत राहतात. चढावर गाडी चढताना जो टक-टक-टक आवाज येतो ना, लोक त्यालाच घाबरतात. तो आवाज उलटा आहे बघा, धीर देणारा. साखळी तुटली तर गाडी मागं घसरू नये म्हणून दात्यांत अडकत जाणाऱ्या खिट्टीचा तो आवाज.

सुगरण_नसलेली – मंगळवार, रात्री १०:१५

लोलक, ही खिट्टी माहिती असती तर मी नवऱ्याच्या हाताला नखं मारली नसती.

आजोबा_आहे_मी – बुधवार, सकाळी ६:१०

कापूसकोंडी, बेटा, छान लिहिलंस. मला त्या मूर्ती नसलेल्या देवळाबद्दल विचारायचं आहे. लोक चपला काढून आत जातात का?

कापूसकोंडी – बुधवार, दुपारी १:५०

आजोबा, नेमकं विचारलंत. हे मी वर लिहून मग पुसलं होतं, लांबतंय म्हणून.

नाही काढत. गाईड आधीच सांगतो, देव नाहीये, सेट आहे. सगळे चपलांसकट चढले, खांबाला टेकून फोटो. लातूरच्या आजी पायरीशी थांबल्या. त्यांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या, रिकाम्या गाभाऱ्यासमोर डोकं टेकवलं. नातू म्हणाला, "आजी, अगं देव नाहीये आत." त्या म्हणाल्या, "नसला तर नसला. येईल तेव्हा म्हणायला नको, ही बाई चपला घालून आली होती."

मग मलाही चपला घालून उभं राहवेना. काढल्या. चुन्याचा दगड वाटत होता ते फायबर होतं, पायाला कोमट लागत होतं. दगड असा लागत नाही.

माजी_बातमीदार – बुधवार, रात्री ११:४०

धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही सगळे जिथं तिकीट काढून जाता तिथं मी काही वर्षं नोकरीला होतो. ई टीव्ही मराठी आठवतं का? २००० साली सुरू झालं, २०१५ मध्ये त्याचं कलर्स मराठी झालं. त्याच्या बातम्या मुंबईतून नाही, रामोजी फिल्म सिटीतून जायच्या. नगर, नांदेड, सोलापूर, जळगाव, कुठकुठली मराठी पोरं तिथं होती. रात्रीच्या बुलेटिनला उजनीत पाणी किती आलं ते आम्ही तेलंगणातल्या माळावर बसून वाचायचो.

एकट्याचं म्हणाल तर आम्ही सगळेच एकटे होतो. दिलसुखनगरकडं खोली, तिघांत एक गॅस. ड्यूटीची बस फाटकातून आत शिरली की डाव्या-उजव्या हाताला राजवाडे, कारंजी, आणि आमच्या डोक्यात आज सुट्टी मिळेल का. पर्यटक बसमधून हात हलवायचे, त्यांना वाटायचं आम्ही नट. सुरुवातीला आम्हीही हलवायचो, मग सोडून दिलं. एकदा घरून आई-वडील आले होते. वडिलांना सगळं फिरवून दाखवलं, राजवाडे, गल्ल्या. ते म्हणाले, "तुझं टेबल कुठाय?" ते बघितल्यावर त्यांचं समाधान झालं.

रामोजी राव ८ जून २०२४ ला गेले. अंत्यसंस्कार फिल्म सिटीतच झाले. १९७४ साली विशाखापट्टणमला ईनाडू काढलेला हा माणूस, आधी चिट फंड, मग वर्तमानपत्र, लोणची, सिनेमे, चॅनल. आमच्या मेसला प्रिया लोणच्याची बाटली कायम असायची. ते लोणचंही त्यांचंच.

कापूसकोंडी, तुम्ही सेटच्या मागं गेलात तेव्हा एक गोष्ट बघितलीत का? दुपारी त्या सावलीत सेटवरचे सुतार-रंगारी डबे खाऊन झोपायचे. इतकी गार जागा त्या अख्ख्या माळावर दुसरी नव्हती.

कापूसकोंडी – गुरुवार, सकाळी ९:२०

बघितली! हवेलीच्या मागं एक काका पेपर अंथरून झोपले होते, तोंडावर टोपी. मी गाईडच्या हाकेला ओ दिली तर ते दचकून उठले आणि मलाच सॉरी म्हणाले. त्यांच्या उशाला रंगाचा डबा होता, त्यावर ब्रश ठेवलेला, भिंतीवर अर्धी वीट रंगवून झालेली. अर्धी वीट तशीच. मी तेलुगूत म्हटलं, झोपा, मी कुणाला सांगत नाही. त्यांनी विचारलं, कुठल्या? सोलापूर म्हटल्यावर म्हणाले, माझी मावशी तिथं विडी वळते. आमच्या गल्लीच्या पलीकडं चार गल्ल्या सोडून निघाली हो मावशी.

चिंचपेटी – गुरुवार, सकाळी ११:००

खर्चाचं जरा सांगाल?

कापूसकोंडी – गुरुवार, दुपारी १:३०

आकडा देत नाही, हंगामाप्रमाणं बदलतो आणि मग सहा महिन्यांनी कुणीतरी इथं येऊन मला खोटं पाडतं. पण गोम सांगते. मुक्कामाची पॅकेजं बहुतेक दोघांच्या हिशोबानं बसवलेली असतात. एकट्यानं गेलं की खोलीचं भाडं अख्खं एकाच्या डोक्यावर. शिताराला जाऊ नको, ते त्यांचं चकचकीत हॉटेल. तारा त्याच्या खालचं, त्याच्याखाली अजूनही साधी राहायची सोय आहे. एकट्याला खोलीत फक्त झोपायचं असतं. चप्पल मात्र चांगली घाल. ती बस सोडते खरी, पण मधलं चालणं पुष्कळ आहे.

पक्का_सोलापुरी – गुरुवार, दुपारी १:४१

शितारा नाही, सितारा.

कापूसकोंडी – गुरुवार, दुपारी १:४४

सितारा, सितारा. मशीनवर बसून टाईप करतेय, सुई अडकली.

सुगरण_नसलेली – गुरुवार, रात्री ९:१५

फोटो अजून आले नाहीत याची नोंद घ्यावी.

कापूसकोंडी – गुरुवार, रात्री १०:३०

टाकले बघा, चौदा आहेत. सगळे मागून काढलेले. पाचव्यात माहिष्मती आहे, ओळखा. मी फक्त अकराव्यात, विमानतळाच्या काचेत. हातात दिसतेय ती पर्स माझी नाही.

होटगीकर – शनिवार, रात्री ८:५०

एक सांगायचं होतं. दोन दिवस लिहू की नको करत होतो.

आमचे वडील ७१ वर्षांचे. लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर वॉचमनकी केली. आई गेल्यापासून फारसं बोलत नाहीत. त्यांना वाचायला त्रास होतो म्हणून परवा हा धागा मीच मोठ्यानं वाचून दाखवला, माझी कमेंट वगळून. त्या झोपलेल्या रंगाऱ्यापाशी आल्यावर म्हणाले, मला जायचंय. मी म्हटलं, जाऊ की, डिसेंबरात सुट्टी काढतो, सगळेच जाऊ. तर म्हणाले, "तू कशाला?"

काय करू? तब्येत बरी आहे, शुगर आहे, चालतात रोज. मोबाईल उचलतात पण करत नाहीत. एकटे पाठवू का?

आजोबा_आहे_मी – शनिवार, रात्री ९:०५

पाठव. मी ७४.

कापूसकोंडी – शनिवार, रात्री १०:२०

पाठवा. वगळलेली कमेंटही वाचून दाखवा, त्यांना आवडेल.

शुगर आहे तर दुपारचं जेवण त्या रांगांवर सोडू नका, पिशवीत कडक भाकरी आणि चटणी द्या. टोपी द्या. गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, खिशात आणि पिशवीत. खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, पण त्यांना न सांगता ठेवू नका, सापडली की रागावतील. बसमध्ये गाईडच्या मागची पहिली सीट धरायला सांगा, चढ-उतार सोपी पडते. आणि कुणी पर्स धरायला दिली तर सरळ नाही म्हणायचं.

एस.टी.च्या कंडक्टरला मियापूरला उतरवा म्हणून सांगून ठेवा. झोप लागून पुढं गेले तरी घाबरायचं कारण नाही. गाडी एमजीबीएसला, म्हणजे हैदराबादच्या मोठ्या बस स्टँडला, जाऊन थांबते, आणि एल. बी. नगरची लाल लाईन तिथंही लागतेच.